चौदा कॉलेजं, त्र्याऐंशी टक्के आणि रविवारची हजेरी

पत्र थोडक्यात असं: कॅलिफोर्नियात राहणाऱ्या एका आईने लिहिलंय. मुलगा यंदा बारावीत, म्हणजे सीनियर इयरला, आणि त्याला कम्प्युटर सायन्सच करायचंय. अनवेटेड जीपीए (अवघड विषयांचे जादा पॉइंट न धरता चारपैकी ग्रेडची सरासरी) ३.९, एसएटी (प्रवेशासाठीची सामाईक परीक्षा, १६०० पैकी) १५२०, नऊ एपी (शाळेतच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय), नववीत इंग्लिशला एक बी ग्रेड. रोबोटिक्स टीममध्ये प्रोग्रॅमिंग, मागच्या उन्हाळ्यात पैसे भरून केलेला एक रिसर्च प्रोग्रॅम. 'बाकी किरकोळ' म्हणून एका ओळीत, दर रविवारी मराठी शाळेत लहान मुलांच्या वर्गावर मदत करतो आणि तिथल्या हजेरीसाठी काहीतरी ॲप केलंय. यादीत चौदा कॉलेजं: यूसीचे, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, सहा कॅम्पस (बर्कली, लॉस एंजेलिस म्हणजे एलए, सॅन डिएगो, अर्वाइन, डेव्हिस, सँटा बार्बरा), कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो, इलिनॉय, वॉशिंग्टन, पर्ड्यू, जॉर्जिया टेक, कार्नेगी मेलन, स्टॅनफर्ड, एमआयटी. वडिलांनी एक्सेल केलीय, प्रत्येक ठिकाणी सरासरी बारा टक्के चान्स धरला तर कुठेतरी लागायचा चान्स ८३ टक्के येतो म्हणे. ऑनलाइन विचारलं तर कोणी 'आरामात होईल' म्हणालं, कोणी 'विसरा'. ओळखीतले एक काका सांगतात सीएस (कम्प्युटर सायन्स) टाकूच नका, सोपं मेजर (मुख्य विषय) टाकून आत जा आणि मग बदला. प्रश्न तीन: खरा चान्स किती, काकांचं ऐकायचं का, आणि सहा हजार डॉलर घेणारा कन्सल्टंट लावायचा का.

ताई, नमस्कार.

आधी त्या ८३ चं बघू, कारण सगळं घर त्याच्या भरवशावर झोपतंय असं पत्रावरून वाटलं. तुमच्या अहोंचं गणित बरोबर आहे, मी करून पाहिलं. गृहीतकं मात्र बरोबर नाहीत. पहिलं म्हणजे ते बारा टक्के हा अख्ख्या युनिव्हर्सिटीचा आकडा आहे, सीएसचा नाही. इलिनॉयचंच घ्या, अलीकडच्या वर्षांत एकूण अर्ज करणाऱ्यांपैकी दहात साधारण चार जणांना प्रवेश मिळतो पण इंजिनिअरिंगमधल्या सीएसचा आकडा एक अंकी टक्क्यांत आहे. तुमच्याच शीटमध्ये बाराच्या जागी पाच टाका, ८३ चे ५१ होतात. आणि दुसरी गडबड त्याहून मोठी, की हे गणित धरून चालतं चौदा वेळा चौदा वेगळे फासे पडणार. तसं नसतं ना, चौदा ठिकाणी जाणारा मुलगा एकच आहे, तेच ग्रेड, त्याच ॲक्टिव्हिटी, थोडे फिरवून तेच एसे (अर्जासोबतचे निबंध), म्हणजे पहिल्या पाच जणांना ज्या कारणाने फाइल चारचौघांसारखी वाटली त्याच कारणाने सहाव्यालाही तशीच वाटायची शक्यता जास्त. म्हणून एप्रिलमध्ये बघा, काहींना नऊ ठिकाणांहून होकार येतात आणि काहींना सगळीकडून नकार, मधले कमीच.

शीटमध्ये एसएटीला वीस टक्के वेटेज दिलंय म्हणता. यादीतले सहा यूसी कॅम्पस आणि कॅल पॉली, म्हणजे चौदातली बरोबर निम्मी कॉलेजं, प्रवेशासाठी एसएटी बघतच नाहीत. ऑप्शनल वगैरे नाही, बघतच नाहीत, १५२० पाठवा नाहीतर काहीच पाठवू नका, सारखंच. उरलेल्यांपैकी एमआयटीने २०२२ मध्ये टेस्ट परत सक्तीची केली, स्टॅनफर्डनेही नंतर केली, जॉर्जिया टेक मागतं. तिथे १५२० ने कोणी नाक मुरडणार नाही आणि १५६० ने कोणी दार उघडणार नाही. ऑक्टोबरमध्ये परत द्यायची की नाही असं ताजा कलममध्ये विचारलंय, तर माझं स्पष्ट मत नको असं आहे, ते तीन-चार शनिवार एसेसाठी लागणार आहेत.

नववीतल्या बी बद्दल तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत! यूसी जीपीए काढताना नववीचे ग्रेड धरत नाही, नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ए-जी (यूसीने ठरवून दिलेले हायस्कूलचे) विषय धरले जातात, आणि एपी-ऑनर्सचे जादा पॉइंटही जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरतेच. कॅल पॉली मात्र नववी धरते. पण ३.९ मध्ये एक बी हा विषय आता सोडून द्या, खरंच. (ज्यांची मुलं अजून नववी-दहावीत आहेत त्यांनी हे नीट वाचा, नऊच्या ऐवजी तेरा एपी घेऊन यूसीच्या जीपीएत सरळ भर पडत नाही, आठ सेमिस्टरची ती मर्यादा तशीच राहते. झोप तेवढी जाते.)

आता मुख्य गोष्ट. तुम्ही विचारताय मुलाचा चान्स किती. चान्स मुलाला चिकटलेला नसतो हो, तो कुठल्या दारातून जातोय त्यावर आहे, आणि तुमच्या यादीत दारं निदान तीन प्रकारची आहेत.

स्टॅनफर्ड आणि एमआयटी मेजर बघून प्रवेश देत नाहीत. आत गेल्यावर निवडायचं, हवं तर सीएस. तिथे सीएस लिहिल्याने वेगळी रांग लागत नाही, पण दारच एवढं अरुंद आहे, शंभरात चार-पाच जण, की ३.९ आणि १५२० असलेली मुलं तिथे ढिगाने नाकारली जातात आणि त्यात त्यांचं काही चुकलेलं नसतं. अर्ज करा, पण हिशोबात धरू नका.

इलिनॉय, वॉशिंग्टन, कार्नेगी मेलन इथे उलटं. सीएसचं दार वेगळं आहे आणि ते थेट शाळेतून येणाऱ्यांसाठी. वॉशिंग्टनच्या ॲलन स्कूलने (तिथला सीएस विभाग) तर स्पष्टच सांगून ठेवलंय की सीएसला थेट प्रवेश नाही मिळाला तर दुसरं मेजर करायची तयारी असेल तरच इथे या. शिवाय राज्याबाहेरच्या मुलांसाठी ते दार फारच चिंचोळं आहे, राज्य सरकारची युनिव्हर्सिटी आहे, स्वतःच्या राज्यातली मुलं आधी घेणार. यातलं काहीही तुम्हाला शाळेच्या नॅव्हियन्समध्ये, म्हणजे आधीच्या मुलांचे प्रवेश दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसणार नाही. तो आलेख आठवा, आडव्या-उभ्या रेषेवर जीपीए आणि एसएटी आणि मध्ये हिरव्या खुणा आणि लाल फुल्या. तुमच्या मुलाचा ठिपका इलिनॉयच्या हिरव्या गर्दीत बसतोय म्हणून तुम्ही तिथे 'टार्गेट' (मिळण्याजोगं) लिहिलंय. त्या हिरव्या खुणांमध्ये इतिहास घेतलेली, बायॉलॉजी घेतलेली, सगळी मुलं आहेत, मेजरप्रमाणे वेगळा रंग नसतो. काउन्सेलरला जाऊन एवढंच विचारा की मागच्या दोन-तीन वर्षांत आपल्या शाळेतून सीएसला अर्ज केलेल्यांचं काय झालं. नावं सांगणार नाहीत पण अंदाज देतील, आणि तो अंदाज इंटरनेटवरच्या अनोळखी लोकांच्या 'आरामात होईल' पेक्षा शंभरपट कामाचा.

तिसरा प्रकार यूसीचा, तिथे कॅम्पसगणिक नियम वेगळे, आणि काकांचा सल्ला मुळात तिथूनच आलाय. काका खोटं बोलत नाहीयेत. जुनी माहिती देतायत. बर्कलीत पूर्वी लेटर्स अँड सायन्समध्ये (कला-विज्ञान शाखेत) काहीही म्हणून शिरायचं, मग सीएस ६१ए, ६१बी आणि ७० हे तीन कोर्स करायचे आणि त्यात ३.३ जीपीए ठेवला की सीएस डिक्लेअर करता यायचं. शेकडो मुलं त्या वाटेने गेली. २०२३ च्या बॅचपासून ती वाट बंद झाली, आता सीएस पाहिजे तर अर्जातच सीएस मागायचं, नंतर बदलायचं म्हटलं तर वेगळा अर्ज, वेगळी छाननी आणि जागा मोजक्याच. एलएलाही इंजिनिअरिंगमधल्या सीएसमध्ये बाहेरून शिरणं महाकठीण. म्हणजे काकांच्या वाटेने मुलगा आत जाईल, पण ज्यासाठी गेला ते तिथे मिळेलच असं नाही. आणि मग विसाव्या वर्षी न आवडणाऱ्या मेजरमध्ये बसून 'बदली' ची वाट बघत बसेल.

तरी काकांच्या सल्ल्यात एक खरी गोष्ट दडलीय, ती टाकून देऊ नका. सीएस नावाचं मेजर म्हणजेच सीएस असं नाही. सॅन डिएगोत मॅथमॅटिक्स-कम्प्युटर सायन्स असं मेजर आहे, गणित विभागाचं. तिथेच कॉग्निटिव्ह सायन्समध्ये मशीन लर्निंगचं स्पेशलायझेशन आहे. एलएमध्ये लिंग्विस्टिक्स अँड कम्प्युटर सायन्स आहे, मॅथमॅटिक्स ऑफ कम्प्युटेशन आहे. डेव्हिसला सीएस दोन जागी आहे, एक इंजिनिअरिंगमध्ये आणि एक लेटर्स अँड सायन्समध्ये. इलिनॉयला तर सीएस अधिक अमुक अशी लांबलचक यादी आहे, खगोलशास्त्र, भाषाशास्त्र, संगीत, अगदी पीकशास्त्रसुद्धा. यातलं एखादं निवडायचं तर कसोटी एकच ठेवा: बदली कधीच मिळाली नाही, चार वर्षं हेच करावं लागलं, तर मुलगा खूश राहील का? हो असेल तर बिनधास्त टाका, ती पळवाट नाही, चांगली निवड आहे. नाही असेल तर टाकू नका, कारण अर्ज वाचणारे लोक हेच काम वर्षानुवर्षं करतायत, सगळ्या ॲक्टिव्हिटी रोबोटिक्सच्या आणि मेजर मात्र क्लासिक्स (ग्रीक-लॅटिन साहित्य), हे त्यांनाही दिसतं. यूसीच्या फॉर्मवर पर्यायी मेजरचा रकाना असतो, तो भरा, पण त्यावर विसंबू नका, काही कॅम्पस तो बघतात आणि काही बघत नाहीत.

मला पत्रात सगळ्यात जास्त काळजी वाटली ती यादीची. चौदापैकी एकही कॉलेज असं नाही जिथे मी छातीठोकपणे म्हणेन की इथे सीएस मिळेलच. तुम्ही लिहिलंय सॅन होजे स्टेट आम्ही टाकलं नाही, 'एवढं सगळं करून तिथे?' असं ह्यांचं म्हणणं. मी समजू शकते. पण ताई, तुम्ही 'खरा चान्स किती' विचारताय ना, तर तो प्रश्न खऱ्या अर्थाने विचारता येतो अशी जागा म्हणजे सॅन होजे स्टेट. ते लोक जीपीएवरून इंडेक्स काढतात आणि मागच्या वर्षी कुठल्या मेजरला किती इंडेक्सवर प्रवेश थांबला ते वेबसाइटवर जाहीर करतात. सीएसची ओळ शोधायची, मुलाचा इंडेक्स काढायचा, शेजारी ठेवायचा. कॉलेज सिलिकॉन व्हॅलीच्या मधोमध आहे, आजूबाजूच्या कंपन्यांत तिथली भरपूर मुलं आहेत, ह्यांनी आपल्या ऑफिसात जरा चौकशी केली तर शेजारच्या क्युबिकलमध्येच कोणीतरी सापडेल. अरिझोना स्टेटसारख्या ठिकाणीही प्रवेशाचे निकष लिहून ठेवलेले असतात आणि उत्तर लवकर येतं. यूसी रिव्हरसाइड आणि मर्सेड बघा. मुलगा शाळेत वरच्या नऊ टक्क्यांत असेल तर यूसी कुठल्यातरी कॅम्पसला जागा असल्यास ती देऊ करते, अलीकडे ती बहुतेक मर्सेडची असते, पण हे सीएसचं आश्वासन नव्हे हे लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजमधून (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ट्रान्सफर हाही रस्ता आहे, यूसीच्या सहा कॅम्पसना (तुमच्या यादीतलेच सहा नव्हेत, बर्कली, एलए, सॅन डिएगो त्यात नाहीत) ट्रान्सफरची हमी मिळते, फक्त सीएसला ती हमी सगळीकडे लागू नाही, अर्वाइन आणि सँटा बार्बराला तर नाहीच, म्हणून आधी वाचून घ्या.

चौदातली दोन-तीन काढा आणि अशी तीन घाला. कुठली काढायची ते खर्चावरून ठरवा. राज्याबाहेरच्या मुलाला वॉशिंग्टनचा वर्षाचा सगळा खर्च ६० हजार डॉलरच्या वर जातो आणि मदत फारशी मिळत नाही. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, ठेवावाच लागतो, तो आधी चालवा. मार्चमध्ये होकार आल्यावर 'परवडत नाही' सांगणं फार वाईट.

एक्सेल टाकून देऊ नका बरं का, फक्त रकाने बदला. टक्केवारीचा रकाना उडवा. त्याऐवजी हे टाका: इथे सीएसला थेट प्रवेश आहे का, नाही मिळाला तर आत बदलता येतं का, निव्वळ खर्च किती, आणि सीएस नसलं तरी मुलगा इथे जाईल का. कॉलेज काय बघतं हे हवं असेल तर त्याचा कॉमन डेटा सेट शोधा, त्यात सी ७ म्हणून एक तक्ता असतो, ग्रेड, एसे, टेस्ट, मुलाखत यापैकी काय 'फार महत्त्वाचं' आणि काय 'विचारात घेत नाही' ते कॉलेजने स्वतः खुणा करून दिलेलं असतं. यूसीच्या साइटवर तर शाळेचं नाव टाकलं की त्या शाळेतून कुठल्या कॅम्पसला किती जणांनी अर्ज केले, किती घेतले आणि घेतलेल्यांचा सरासरी जीपीए किती ते मिळतं. मेजरवार नाही, पण स्वतःच्या शाळेचा आकडा आहे.

शीटमधला शेवटचा रकाना तुम्ही दोघं भरू शकत नाही, आणि हेच मला विचारायचं होतं. दीड हजार शब्दांच्या पत्रात मुलगा स्वतः काय म्हणतो हे एकदाही आलेलं नाही. सीएस 'च' करायचंय हे त्याचं आहे की घरातल्या हवेतून आलंय? तुम्हाला टोमणा मारत नाहीये, आपल्या घरांत बऱ्याचदा हे कोणी ठरवलं ते कोणालाच आठवत नाही. विचारा त्याला. तुमचं मत आधी न सांगता.

आणि ते 'बाकी किरकोळ' मला किरकोळ वाटलं नाही. यूसीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक ॲक्टिव्हिटीसाठी ३५० अक्षरं मिळतात, कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच कॉलेजांना चालणारा एकच अर्ज) तर १५०. तिथे 'मराठी शाळेत स्वयंसेवक, हजेरीसाठी ॲप विकसित केलं' असं लिहिलं तर वाचणारा पुढच्या ओळीवर जाईल. पण असं काहीतरी असेल तर: 'रविवारी कोण मूल आलं नाही हे शिक्षिका वहीत लिहायच्या आणि महिन्याच्या शेवटी बेरीज करायच्या. मी फोनवर टिक करायची सोय केली. पहिली आवृत्ती कोणी वापरली नाही कारण लॉगिन होतं, लॉगिन काढलं, आता पाचही वर्ग वापरतात.' हे मी कल्पनेने लिहिलंय, त्याचं खरं काय झालं ते त्यालाच माहीत आणि त्याने तेच लिहायचं. पण अशा दोन ओळींत कळतं की या मुलाने खऱ्या माणसांसाठी काहीतरी केलं, ते चाललं नाही, मग त्याने बदललं. पैसे भरून केलेला रिसर्च प्रोग्रॅम हे सांगत नाही, तो शेकडो फाइलींत असतो आणि किती पैसे पडतात तेही वाचणाऱ्यांना ठाऊक असतं. लिहा, वगळायची गरज नाही, पण वर ठेवू नका. यूसीच्या आठ प्रश्नांतले चार निवडायचे असतात, प्रत्येकी ३५० शब्द. त्यातला एक हजेरीवर खर्च करावा असं मला वाटतं, पण शेवटी त्याचा एसे आहे.

'आपली मुलं भारतीय म्हणून मागे पडतात का' हेही विचारलंय. कॅलिफोर्नियाच्या सरकारी युनिव्हर्सिटींना १९९६ च्या प्रपोझिशन २०९ मुळे (मतदारांनी मंजूर केलेला कायदा) वंश बघायला बंदीच आहे, आणि जून २०२३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ती देशभर लागू झाली. तुमच्या मुलाची खरी अडचण वेगळी आहे. त्याच्यासारखंच प्रोफाइल असलेली, त्याच भागातली, तेच मेजर मागणारी मुलं खूप आहेत, आणि त्यातली बरीच तुमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतील. मार्चमध्ये निकाल यायला लागले की तो ग्रुप महिनाभर म्यूट करा.

राहिला कन्सल्टंट. सहा हजार देऊन चान्स वाढतो असं मला वाटत नाही, यादी नीट लागते आणि तारखा पाळल्या जातात, आणि यादीचं काम वर झालंय. घरात अर्जावरून रोज भांडणं होत असतील आणि तिसऱ्या माणसाने मध्ये पडावंसं वाटत असेल तर तासावर घेणारा कोणी बघा, दोन-चार तास पुरतात. 'आमची इतकी मुलं स्टॅनफर्डला' असं सांगणाऱ्याला विचारा की किती मुलांनी अर्ज केले होते. एसे लिहून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

तारखा तेवढ्या भिंतीवर लावा. पर्ड्यू आणि इलिनॉयचा अर्ज १ नोव्हेंबरच्या आत गेला पाहिजे, सीएसला उशिरा पाठवून उपयोग नाही, जॉर्जिया टेकची अर्ली तारीखही त्याच सुमाराची असते. वॉशिंग्टन नोव्हेंबरच्या मध्यावर. यूसी आणि कॅल स्टेटचे (कॅल पॉली आणि सॅन होजे स्टेट त्यातच येतात) फॉर्म १ ऑक्टोबरपासून सबमिट करता येतात आणि नोव्हेंबरच्या शेवटी बंद होतात, ते थँक्सगिव्हिंगच्या आधी पाठवून मोकळे व्हा.